चिंता नसलेलं पाखरू

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा हाय. पोटच्या पोरांची शप्पथ, नातवंडांची शप्पथ, तोंडात उरलेल्या दोन दाढांची शप्पथ. त्या दोन दाढांवर माझं सगळं जेवण चालतं, म्हंजे ही शप्पथ साधी न्हाई. मागं मी सांगितलं होतं की अंबडच्या बाजारात एक शेळी एस्टीत चढली अन् कंडक्टरकडं सुट्टे मागू लागली. ते सोडून द्या, त्या दिवशी मला ताप होता. हे तसं न्हाई. हे ज्योत्स्नाचं हाय. तिच्या मनातलं मला कसं ठाऊक असं विचारू नका. तिची नाळ कापली त्याच्या आधीपासून मी तिला वळखते.

तर जालन्यात अंबड चौफुलीच्या अलीकडं, तिसर्‍या मजल्यावर ज्योत्स्नाचं घर. वय पन्नाशीला टेकलेलं, शाळेत विज्ञान शिकवते. नवरा राजानंद बियाण्याच्या कंपनीत हाय. सभ्य माणूस, भाजीत मीठ नसलं तरी गुपचूप जेवतो. जानेवारीतली सकाळ होती. कुकरची एक शिट्टी झाली होती, दुसरी व्हायची होती, अन् त्या दोन शिट्ट्यांच्या मधी ज्योत्स्ना गॅलरीत वाळलेला टॉवेल काढायला गेली. कपड्याच्या तारेवर एक पाखरू बसलं होतं. चिमणीपेक्षा जरासं मोठं, काळं कुळकुळीत, पंख अन् शेपटी विटकरी, अन् डोक्यावर तुरा. फेटा बांधणार्‍यानं घाईघाईत शेवटचं टोक वर काढून ठेवावं तसा उभा तुरा. त्यानं मान तिरपी केली अन् तिच्याकडं बघितलं. ज्योत्स्नाच्या तोंडून निघालं, "आण्णा." मोठ्यानं न्हाई. घरात आपलं माणूस आलं की आपण चहाचं पातेलं ठेवता ठेवता म्हणतो ना, आलात का, तसं. दुसरी शिट्टी झाली. तार हलत राह्यली.

तिला भीती वाटली ती पाखराची न्हाई, स्वतःच्या तोंडाची. शेजारणीचं भांडं चुकून आपल्या फडताळात यावं, आपण त्यात भाजी बी करावी, अन् मंग बुडाला दुसर्‍याचं नाव दिसावं, तसं तिला ते तोंड वाटलं. इतकी वर्षं ती पोरांना शिकवत आली की मेलेलं माणूस कुठं जात न्हाई, कशात शिरत न्हाई, माती मातीत अन् पाणी पाण्यात. फळ्यावर चित्र काढून शिकवते. परीक्षेत पोरानं काही भलतं लिहिलं तर लाल पेनानं फुली मारते, अन् ती फुली मारताना तिचा हात थरथरत न्हाई. आता तिला वाटलं, आपल्याच कपाळावर कुणीतरी तशी फुली मारली. तिनं गाऊनच्या खिशातून फोन काढला अन् फोटो घेतला. फोटोत आलं काय, तर तार, तारेला एक निळा चिमटा, अन् मागं समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. तिनं तो पुसला न्हाई. काहून न्हाई पुसला हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

राजानंद तोंडात ब्रश घेऊन आला. "काय झालं?"

"पाखरू आल्तं."

"मंग?"

"डोंगरातलं. आमच्या गावाकडं असतं ते."

"चौफुलीला बियाण्याचे ट्रक खाली होतेत. दाणे सांडतेत रस्त्यावर. त्याच्यावर आलं असंल," तो म्हणला. त्याच्याकडं प्रत्येक गोष्टीचं एक बराबर उत्तर असतं, अन् ते बराबर असतं हेच ज्योत्स्नाला कधी कधी जड जातं.

"गुलाबी दाणे असतेत ते. औषध लावलेले. खाल्ले तर मरंल."

"लगेच न्हाई मरत," राजानंद म्हणला, अन् आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळलं, म्हणून तो चूळ भरायला गेला.

स्कूटीवर शाळेला जाताना तिनं रस्त्याच्या कडंला बघितलं. खरंच सांडलेले होते, बाजरीचे, मक्याचे, गुलाबी, जसा कुणी लग्नातल्या अक्षदांचा रंग चुकवला. आजवर ती रोज त्यांच्यावरून गेल्ती अन् तिला ते कधी दिसले न्हवते. आण्णांनी, म्हंजे तिच्या बापानं, अशाच एका रस्त्यावर उभा जन्म काढला होता. रोडगँगवर होते ते. खडी फोडायची, डांबर ओतायचं, उन्हात. तळहात असे झाले होते की ते पोरीच्या गालाला हात लावायचे न्हाईत, मनगटानं लावायचे, ओरखडा उठंल म्हणून. ज्योत्स्नाला आण्णा म्हणलं की चेहरा आठवत न्हाई, मनगट आठवतं, घामाचं अन् डांबराच्या वासाचं. तिच्या आज्यानं धम्म घेतला तव्हा आण्णा दहा-बारा वर्षांचं पोर होते, पण सांगायचे असं की जशी त्यांनीच दीक्षा दिली. घरात देव न्हाई, उपास न्हाई, अंगात येणं न्हाई, कुणाच्या बारशाला कुंडली काढली असं कळलं तरी जेवायला जायचे न्हाईत. अन् मरायच्या आधी, खाटेवर, धाप लागलेली असताना, त्यांनी नंदाबाईला, म्हंजे बायकोला, सांगून ठेवलं, "मेल्यावर माझ्या नावानं कावळ्याला घालू नका. जित्तेपणी लोकांनी कावळ्याच्या खाली धरलं आपल्याला. मेल्यावर त्याच्या पाया पडायला लावू नका." नंदाबाई बरं म्हणली. नंदाबाई ज्या गोष्टीला बरं म्हणते त्याचं पुढं काय होतं हे गावाला ठाऊक हाय.

आण्णांना टेकडीच्या पायथ्याला दहन दिलं. आमची सगळी माणसं तिथंच गेली. राख सावडल्याच्या दुसर्‍या दिवशी पहाटंच नंदाबाई घरात दिसंना, म्हणून ज्योत्स्ना शोधायला निघाली, तर आई टेकडीवर, पदराच्या टोकात काहीतरी बांधून, खडकावर बसलेली. तिनं पदर सोडला अन् मूठ उघडली. बाजरी.  आण्णांना जाऊन चार दिवस झाले न्हाईत अन् त्यांच्याच राखंच्या वर बसून हे.

"आई, हे काय करून राह्यलीस?"

"कुठं काय. दाणे सांडले."

"हे पिंडदानच झालं. आण्णा काय म्हणले होते?"

"कावळ्याला घालू नका म्हणले होते. हे काय कावळ्याला हाय? पाखरांना दाणे टाकू नका असं बावीसातल्या कुठल्या प्रतिज्ञेत लिहिलंय ते दाखव."

"तू मनात काय धरून टाकलेस ते मला कळतं."

"मनातलं तुझ्या शाळेत शिकवतेत का?" नंदाबाई म्हणली. तेवढ्यात गवतातून ते आलं. काळं, तुर्‍याचं. दोन उड्या मारल्या, दाणा उचलला, चोचीत फिरवून टरफल काढून टाकलं, दुसरा उचलला. कावळा एक बी फिरकला न्हाई. नंदाबाईनं डोळे पुसले न्हाईत, नुसती नाकानं एकदा जोरात हवा ओढली, अन् म्हणली, "हं." त्या एका हं वरून ज्योत्स्ना आईशी उन्हाळा संपेस्तोवर बोलली न्हाई. तिला वाटायचं, आईनं आण्णांना फसवलं. अन् त्याहून वाईट, ते पाखरू दाणा सोलून राह्यलं होतं तव्हा आपल्याला बी घटकाभर बरं वाटलं, हे तिनं कुणाला सांगितलं न्हाई, राजानंदला बी न्हाई. नंदाबाई मातुर दर थंडीत, त्याच दिवसांत, टेकडीवर जाऊन दाणे सांडत राह्यली. विचारलं की म्हणायची, म्हातारीचा हात हाय, सांडतं.

शाळेत मधल्या सुट्टीत तिनं सोमेश्वर सरांना गाठलं. हे सर गणित शिकवतात अन् सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून गाळण्याच्या डोंगरापर्यंत हिंडतात. त्यांच्या बायकोला वाटतं दुसरं काहीतरी हाय. तिनं फोटो दाखवला न्हाई, तारेचा फोटो काय दाखवायचा. नुसतं वर्णन केलं. सरांनी डबा बाजूला सारला.

"काळा, तुरा, विटकरी पंख? मॅडम, तो युवराज. नाव हाय त्याचं. डोंगरउताराचं पाखरू, खडक, खुरटं गवत. गवताचं बी खातं. मादी मातकट असते, तुरा तिला बी असतो, पण लहान. जालन्यात तिसर्‍या मजल्यावर म्हणता? नशीब हाय तुमचं."

"दुर्मिळ हाय का सर?" तिनं विचारलं, अन् विचारताना आपला आवाज नको तितका गोड झाला हे तिला ऐकू आलं.

"छे छे. हिमालयाच्या पायथ्यापासून आपल्या अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत हाय, तिकडं चीनमधी बी. जगभरातल्या पाखरांचे वर्ग पाडलेत ना, हे संपत आलं, हे धोक्यात, हे जरा सांभाळा. त्यात युवराज सगळ्यात खालच्या वर्गात. काहीच चिंता न्हाई त्याची." सरांना ही आनंदाची बातमी वाटली. त्यांनी तिच्यापुढं शेंगदाण्याच्या चटणीची डबी केली.

ज्योत्स्नाला चटणी गिळवली न्हाई. कारण सांगते. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव आल्ता की टेकडी गायरानात हाय, तिचा मुरूम काढून गावातले रस्ते करायचे. गाव म्हंजे हसनाबादला उतरून अर्धा कोस चाललं की येतं ते, नकाशात शोधू नका. काकासाहेब बोलायला उभे राह्यले. सरपंच त्यांची सून हाय, म्हणून बोलायचं काम त्यांच्याकडं हाय. माणूस वाईट न्हाई, रस्ता बी वाईट न्हाई, पावसाळ्यात आमच्याच वस्तीत गुडघाभर चिखल असतो. पण मुरूम काढायला मशीन लागणार पायथ्यापासून, अन् पायथ्याला आण्णा, आण्णांचे वडील, माझी लहान जाऊ, सगळी. कुठं एक दगड न्हाई, पाटी न्हाई. गावाचं स्मशान नदीकडं, त्याला पत्र्याचं शेड हाय. आमच्या जागंला कागदावर नावच न्हाई. काकासाहेब म्हणले, "टेकडीत हाय काय? मुरूम अन् सराटे." तव्हा मागून नंदाबाई उठली.

"पाखरू हाय."

"कोणतं पाखरू, नंदाबाई?"

"काळं, तुर्‍याचं. जगात दुसरीकडं कुठंच न्हाई. दिल्लीहून दोन साहेब येऊन बघून गेले."

"आम्हाला न्हाई दिसले साहेब."

"तुम्ही सुनेच्या खुर्चीवर बसून झोपले होते तव्हा आल्ते."

सभा हसली. पण कुणातरी पोरानं ते फोनवर टाकलं, तिथून ते कुठं कुठं गेलं, अन् शेवटी वनखात्याकडून निरोप आला की एक मॅडम येऊन बघतील, तवर टेकडीला हात लावू नका. म्हंजे म्हातारीच्या एका थापेवर अख्खी टेकडी उभी होती. रविवारी त्या मॅडम येणार होत्या. अन् आज बुधवारी ज्योत्स्नाला कळलं की पाखरू जगभर हाय अन् त्याची कुणाला चिंता न्हाई.

त्या चार दिवसांत ज्योत्स्नानं एक असं केलं की जे माणूस करत न्हाई. ती पाखराचं वाईट चिंतू लागली. भाकरी थापता थापता तिला वाटायचं, हिमालयात लई बर्फ पडावा. चीनमधी काहीतरी व्हावं. औषधाचे दाणे सगळीकडं सांडावेत अन् ही काळी पाखरं हजारानं उलटी पडावीत, पाय वर करून, तुरे धुळीत, अन् शेवटी एकच जोडी उरावी, आमच्या टेकडीवर. मंग सोमेश्वर सर धावत येतील अन् म्हणतील मॅडम, वर्ग बदलला. तिनं हे सगळं बारकाईनं बघितलं, पडलेल्या पाखरांच्या विटकरी पंखांवरून मुंग्या चाललेल्या तिला दिसल्या, अन् भाकरी करपली. राजानंद करपलेली भाकरी गुपचूप जेवला. ती त्याच्याकडं बघत राह्यली अन् तिला वाटलं, चिंता करायला लावायची तर आधी मरायलाच लागतं का? थोडं थोडं मरून भागत न्हाई, संपत आलं पाहिजे. आण्णा जगभर होते. रस्त्या-रस्त्यावर असे आण्णा होते, खडी फोडणारे, मनगटानं लेकराचा गाल पुसणारे. त्यांची कोण चिंता करणार, इतके होते ते. मंग तिला स्वतःची लाज वाटली, पाखराला मारलं म्हणून, अन् आण्णांना पाखराच्या पंगतीला बसवलं म्हणून. अन् त्या लाजंच्या खाली आणखी एक बारीक लाज होती. गॅलरीत 'आण्णा' म्हणल्यापासून तिला रात्री झोप चांगली लागून राह्यली होती.

रविवारी निघताना तिनं स्वयंपाकघरात बाजरी शोधली. पिठाचा डबा होता, दाणे न्हवते. ओट्याखालच्या फळीवर राजानंदची एक काचेची बरणी होती, त्यात बाजरी. तिनं मूठभर घेतली, चाळणीत धरून नळाखाली धुतली, रुमालात बांधली अन् पर्समधी टाकली. हे ती कशासाठी करून राह्यली हे तिनं स्वतःला विचारलं न्हाई. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, अन् बस निघायची वेळ झाली होती. राजूरपर्यंत बसायला जागा मिळाली. पुढच्या सीटवरची बाई सांगून राह्यली होती की मोसंबीला औंदा भाव न्हाई, तिच्या शेजारची म्हणत होती की सुनांना बी न्हाई. खिडकीतून तूर कापलेली रानं, हरभरा, पर्‍हाट्यांचे ढीग जात होते. ज्योत्स्नाच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मॅडमनं विचारलं तर काय सांगायचं. तिनं आयुष्यात आईच्या एकाबी थापेला हो म्हणलं न्हवतं. लहानपणी आई म्हणायची, विहिरीत एक मासा हाय, तो दर बुधवारी पाढे म्हणतो. सगळ्या पोरी ऐकायच्या, ज्योत्स्ना बुधवारी विहिरीवर जाऊन बसायची, अन् येऊन सांगायची, न्हाई म्हणला. तिला तव्हापासूनच सगळे मॅडम म्हणायचे.

नंदाबाई अंगणात उन्हाला बसली होती, ऐंशी वर्षांची, बोरं खात. "आली का. जेवून आली का उपाशी?"

"आई, मी त्या पाखराचं विचारलं."

"कुणाला?"

"आमच्या सरांना. ते युवराज म्हणून हाय. सगळीकडं हाय ते. त्याची काहीच चिंता न्हाई असा शिक्का हाय त्याच्यावर."

नंदाबाईनं बोराची बी गालात एकीकडून दुसरीकडं केली. "चिंता कुणाला न्हाई? पाखराला का सायबाला?"

"सायबाला."

"मंग बराबर हाय. सायबाला कशाला असंल. त्याच्या गॅलरीत येतं का ते?"

ज्योत्स्नानं पर्स मांडीवर घेतली. माझ्या गॅलरीत आल्तं, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण ते सांगितलं की पुढचं सांगावं लागलं असतं, ती काय म्हणली ते, अन् आई नाकानं हवा ओढून म्हणली असती, हं. त्या एका हं ला ती अजून बी तयार न्हवती. "मला विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई," ती म्हणली.

"तुला कोण म्हणलं बोल म्हणून. ते माझं काम हाय. तू नुसती गप उभी राहा, शिकलेली दिसतेस."

वनखात्याच्या मॅडम दुपारच्या आधी आल्या, स्कूटीवर. अर्पिता नाव, वय पंचविशीच्या आतबाहेर, खाकी कपडे, पायात बूट, तोंडाला रुमाल. काकासाहेब पांढरी टोपी नीट करून आल्ते. सगळे टेकडी चढले. नंदाबाई काठी टेकत सगळ्यांच्या पुढं. वर खडक, पिवळं पडलेलं गवत, वारा. बसले. पाखरू येईना. एक व्हला आला, दोन साळुंक्या भांडून गेल्या. नंदाबाई बोलत राह्यली की त्या पाखराचं अंडं निळं असतं अन् अंधारात चमकतं, की एका साली त्याच्या ओरडण्यानं दुष्काळ टळला. अर्पिता मॅडम ऐकून राह्यल्या होत्या, न हसता. ज्योत्स्नाला खाली पायथा दिसत होता. बाभळीच्या पलीकडं जमीन जरा काळी, बस्स. ओळखायला दुसरं काही न्हाई. ज्यांना ठाऊक हाय त्यांनाच ठाऊक.

काकासाहेब म्हणले, "ज्योत्स्नाबाई, तुम्ही विज्ञान शिकवता. तुम्हीच सांगा की, आईचं पाखरू खरं का खोटं?" त्यांच्या बोलण्यात टोमणा होता, पण तिखट न्हवता. त्यांना बी जेवायला जायचं होतं.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. नंदाबाईनं बघितलं न्हाई. ती काठीनं गवताचं एक पातं उगाच दाबत होती, सोडत होती, दाबत होती. ज्योत्स्नाला दिसलं की आईचा हात खरंच थरथरतो. इतकी वर्षं दाणे सांडतेत म्हणायची, ते थोडं खरं बी होतं की काय.

"पाखरू खरं हाय," ज्योत्स्ना म्हणली. "युवराज म्हणतात. पण इथंच हाय हे खरं न्हाई. हिमालयापर्यंत हाय. त्याला धोका न्हाई. ही टेकडी गेली तरी ते दुसर्‍या टेकडीवर जाईल." बोलताना तिला वाटलं, आपण फळ्यासमोर उभे हावोत अन् आईच्या वहीवर फुली मारून राह्यलो. हात थरथरला न्हाई. "आमची माणसं न्हाई जाऊ शकत. ती बाभळीच्या पलीकडं जागा दिसते ना, ते आमचं स्मशान हाय. माझे वडील तिथं हायेत. आजोबा बी तिथंच. मशीन पायथ्यापासून लावणार, म्हंजे आधी त्यांच्यात लावणार. हे हाय खरं. पाखरू निमित्त."

 काकासाहेबांनी टोपी काढली अन् पुन्हा घातली. त्यांना हे ठाऊक न्हवतं असं न्हाई. कुणी बोलत न्हवतं म्हणून ते बी बोलत न्हवते.

अर्पिता मॅडमनी नंदाबाईकडं तोंड केलं. "आजी, मंग हे आधी का न्हाई सांगितलं? पाखराचं कशाला सांगत बसल्या?"

"बाई, माणसाचं म्हणलं की कागद दाखव म्हणतेत," नंदाबाई म्हणली. "कुठं लिहिलंय, कधीपासून, कुणाची सही. पाखराला कुणी कागद मागत न्हाई. पाखराचं म्हणलं तर तू स्कूटीवर आलीस. आमचं म्हणलं असतं तर आली असतीस का?"

मॅडमनी तोंडाचा रुमाल खाली घेतला. त्यांनी सांगितलं की पाखराचं जे हाय ते त्या लिहितील, आणखी काही लिहायचा त्यांना अधिकार न्हाई. पण जागेची मोजणी करून स्मशानाची नोंद मागायची असंल तर भोकरदनला तहसिलात अर्ज करावा लागंल, त्यावर गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब लागतील. अन् मंग त्यांनी काकासाहेबांकडं बघितलं.

"माझा घ्या," काकासाहेब म्हणले. "मी लहान होतो तव्हापासून इथंच जाळतेत. रस्त्याला मुरूम दुसरीकडून बघू." मंग, फार चांगलं बोलून गेलो असं वाटून, त्यांनी जोडलं, "पण नंदाबाई, दिल्लीच्या सायबांचा जबाब तुम्ही आणा."

"त्यांची बदली झाली," नंदाबाई म्हणली.

सगळे उतरले. मायलेकी वरच राह्यल्या. ज्योत्स्नाला वाटलं आई आता बोलंल, सगळ्यांसमोर खोटं पाडलं म्हणून, उन्हाळाभर अबोला धरंल, आता तिची पाळी. आई खाली बाभळीकडं बघत होती. ती तिथं नसल्यासारखी वाटली, नुसती बसलेली. ज्योत्स्नानं पर्स उघडली, रुमाल सोडला, बाजरी मुठीत घेतली. मूठ कितीतरी वेळ तशीच. घाम आल्ता. मंग ती खडकाच्या कडंला गेली अन् मूठ उघडली, अन् तळहात बघून जागीच थांबली. तळहात गुलाबी झाला होता. दाणे धुतले तव्हा रंग गेला असं तिला वाटलं होतं, पांढुरके दिसत होते, पण औषध धुऊन जात न्हाई, दाण्याच्या शिरंत बसलेलं असतं, घामानं सुटलं. बियाण्याच्या माणसाच्या घरात इतकी वर्षं राहून तिनं राजानंदच्या बरणीतलं बियाणं चाळणीत धुवून आणलं होतं, जसे काय तांदूळ. चार दिवस मनात ज्यांना मारलं त्यांना आता खरंच मारणार होती. अन् आण्णांना तरी काय वाढलं असतं? तिनं मूठ गच्च मिटली, एकबी दाणा पडू न देता.

"काय करून राह्यलीस?" मागून नंदाबाई म्हणली.

"काही न्हाई."

नंदाबाई उठली, जवळ आली, लेकीचं मनगट धरून मूठ वळवून बघितली. बोटांच्या फटीतला गुलाबी रंग तिला दिसला. ती हसली न्हाई, रागावली न्हाई. पदराचं टोक सोडलं, त्यातली बाजरी लेकीच्या दुसर्‍या, स्वच्छ हातात ओतली.

"धर. सांडायचे असतील तर हे सांड."

ज्योत्स्नानं दाणे सांडले. मिटलेली मूठ पाठीमागं धरून, एका हातानं. मंग दोघी बसल्या, पाखरू येतंय का बघत. ते आलं का न्हाई हे मी सांगणार न्हाई, कारण त्यावर काही अवलंबून न्हवतं. अर्ज गेलाय. मोजणी व्हायची हाय. काकासाहेबांचा जबाब झालाय, नंदाबाईचा बी झालाय, अन् लिहून घेणारा म्हणे दोनदा पेन ठेवून हसला.

आता एवढं ऐकलंत, तर दाढांची शप्पथ घेतलीय म्हणून सांगून टाकते, एक गोष्ट मी पदरची घातली. जालन्यात ज्योत्स्नाच्या तारेवर पाखरू आल्तं ना, ते आलं न्हवतं. डोंगरातलं पाखरू तिसर्‍या मजल्यावर कशाला येईल. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधी ती टॉवेल काढायला गेली अन् मोकळ्या तारेकडं बघून म्हणली, आण्णा. गॅलरीतल्या पाखराचं जे जे बोलणं झालं ते बी माझंच. बाकी सगळं खरं, सरांना टेकडीवरल्या पाखराचं विचारलं ते बी खरं, पाखराचं वाईट चिंतलं ते बी खरं. फोटो अजून तिच्या फोनात हाय, हवा तर बघा: तार, निळा चिमटा, मागं टाकी. पण मी जर म्हणले असते, एक बाई उगाच गॅलरीत उभी राहून बापाला हाक मारू लागली अन् गावाकडं एक जागा हाय जिला कागदावर नाव न्हाई, तर तुम्ही इथवर बसला असता का? पाखराचं म्हणले म्हणून बसलात.